लालला पाणी लावायचं नाही

आईनं मला एवढंच सांगितलं होतं, की पोथीच्या शेवटच्या पानाचा कोपरा फाटलाय, तेवढा चिकटवून दे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी कुणी न सांगता, माझ्याच हुशारीनं केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर रिकामाही राहिला नाही, दुसऱ्याच्या शेतातलं उभं पीक खाऊन आला.

जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. नवऱ्याची नोकरी जर्मनीत, येना शहरात, लेन्सच्या कंपनीत. आम्ही इथं आलो तेव्हा माझी पुण्याची कॉमर्सची पदवी इथं कुणी हुंगेना. सहा वर्षं घरी बसून जर्मन शिकले, मुलगी शाळेत जायला लागली आणि मग चाळिशीला दोन वर्षं उरली असताना बुकबाइंडिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे रीतसर उमेदवारी, घेतली, वीस-वीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून. आता येनापासून रीजनल ट्रेननं पाऊण तासावर एका गावात जुनं ग्रंथालय आहे, त्याच्या कार्यशाळेत काम करते. तिथं आम्ही दोघीच. मी आणि माझी माइस्टरिन, म्हणजे जिच्या हाताखाली मी शिकले ती. साठीची, उंच, कमी बोलणारी. 'या', म्हणजे हो, आणि 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, एवढ्या दोन शब्दांवर तिचा अख्खा सोमवार निघतो.

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या पोटात दुसरी पुस्तकं असतात. म्हणजे असं, की चामड्याची पाठ सुटली की आत पट्ट्या दिसतात, पाठ ताठ राहावी म्हणून चिकटवलेल्या. त्या पट्ट्या कोरा कागद नसतात. छपाई नवी नवी होती तेव्हा चर्चमधल्या पूजेसाठी, रोजच्या प्रार्थनेसाठी पुस्तकं छापली गेली. मग या भागात पंथ बदलला, जुन्या पद्धतीची प्रार्थना बंद झाली आणि ती पुस्तकं रद्दीत निघाली. बांधणाऱ्यांना काय, चांगला दणकट कागद मिळाला! त्यांनी तो कापून कायद्याच्या, वैद्यकाच्या, हिशोबाच्या पुस्तकांच्या पाठीत भरला. या रद्दीला इथं माकुलाटूर म्हणतात. देवाघरचं पुस्तक असं कात्रीनं कापलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली होती. त्या दिवशी एक पट्टी टेबलावरून खाली पडली आणि तिला माझा पाय लागला. मी वाकून ती उचलली आणि कपाळाला लावली. माइस्टरिन बघत होती. हे काय, म्हणून तिनं विचारलं. कागदाला पाय लागला की आम्ही नमस्कार करतो, मी सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, गेनाऊ. तेव्हापासून आमचं जमलं.

तिनं मला पहिल्याच आठवड्यात जे शिकवलं त्यातलं पहिलं हे, की लालला पाणी लावायचं नाही. या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांत मजकूर काळा छापलेला असतो आणि मध्ये मध्ये लाल असतं. काही वेळा तेही छापलेलं, पण बऱ्याचदा नंतर कुणीतरी बोरू घेऊन हातानं भरलेलं. काळं असतं ते तोंडानं म्हणायचं. लाल असतं ते म्हणायचं नाही, करायचं. इथं उभं राहा, इथं गुडघे टेक, इथं थांब, इथून उद्या सुरू कर. माइस्टरिन म्हणाली होती, की काळं गेलं तर दुसऱ्या प्रतीतून मिळेल. हाताचं लाल गेलं की गेलंच.

हे मी शिकले होते. नुसती शिकले नव्हते, दरवर्षी येणाऱ्या इंटर्न मुलींना शिकवतही होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मागच्या ऑक्टोबरात कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आलं, चारेकशे वर्षांचं. पाठीचं चामडं लोंबत होतं आणि आत दोन पट्ट्या दिसत होत्या. टोकदार काळी अक्षरं, त्यांत हातानं काढलेली लाल. एका पट्टीवर मेणाचा थेंब पडून वाळलेला. कडेला, पान उलटताना बोट लागतं तिथं, तेलकट काळपट डाग. आणि एका ओळीशेजारी छोटीशी लाल फुली, कुणीतरी घाईत ओढलेली. मी सवयीनं स्पंज उचलला. आमच्याकडे कोरडा मळ काढायला एक रबरासारखा स्पंज असतो. माइस्टरिननं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हा मळ आपला नाही," ती म्हणाली. "आपण पुसायचा नाही."

मग आम्ही पट्ट्या होत्या तिथंच राहू दिल्या, त्यांचे पुढून, बाजूनं, तिरक्या उजेडात फोटो काढले आणि मी फॉर्म भरला. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, वापराच्या खुणा. तिथं मी लिहिलं: मेणाचा थेंब, चार मिलिमीटर. बोटाचा डाग. हातानं काढलेली लाल फुली, बहुधा थांबण्याची जागा. कोण कुठला तो पाद्री, थंडीत मेणबत्ती धरून वाचणारा, त्याच्या बोटाच्या मळाचीसुद्धा मी मापं घेतली.

नोव्हेंबरात आई आली. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, एकटी, व्हीलचेअरवर बसून, शहात्तराव्या वर्षी. मोठी बॅग सामानात, पण पोथी मांडीवर. लाल कापडाच्या बासनात बांधलेली, आडव्या सुट्या पानांची, खाली-वर लाकडी फळ्या. मार्गशीर्षात ती सात दिवसांचं पारायण करते. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं ती पोथी तिच्या हातात दिली आणि तेव्हापासून त्रेपन्न वर्षांत एकही मार्गशीर्ष चुकला नव्हता. माझे वडील गेले त्या वर्षीसुद्धा तिनं सुतक संपल्या संपल्या पाट मांडला होता. या वर्षी तीन महिने माझ्याकडे यायचं म्हटल्यावर तिची एकच अट होती, की पारायण तुझ्या घरी होईल. मी हो म्हटलं आणि लगेच हॉलमधला स्मोक अलार्म कसा बंद करायचा त्याची चिंता करायला लागले.

आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं बासन सोडून मला कोपरा दाखवला. मी पोथी हातात घेतली आणि खरं सांगते, मला लाज वाटली. पानं तेलकट. हळदीची बोटं. निरांजनातल्या तुपाचे थेंब पडून पारदर्शक झालेले गोल. आणि कुंकू. कुठं बारीक ठिपका, कुठं चांगला रुपयाएवढा गोळा, कागदात मुरलेला, समोरच्या पानावरही उठलेला. रोज परक्या लोकांची पुस्तकं झळाळून देते आणि आपल्या आईची पोथी ही अशी! माझ्यातली कारागीर जागी झाली आणि लेक झोपली. आईला म्हटलं, दे माझ्याकडे, बघते. ती म्हणाली, नुसता कोपरा गं, जास्त काही नको. मी हो हो म्हटलं. आईच्या 'जास्त काही नको'चा अर्थ 'कर, पण मी मागितलं असं नको' असाच असतो, असं मी पन्नास वर्षं धरून चालले होते. साडी नको म्हणते तेव्हा हवी असते ना!

चार शनिवार मी कार्यशाळेत जाऊन ते काम केलं. माइस्टरिननं किल्ली दिली होती. कोरडा मळ स्पंजनं काढला. तेलाचे डाग काढायचं द्रावण वेगळं, हळदीला अल्कोहोल. पानाखाली ब्लॉटिंग पेपर ठेवायचा, वरून कुंचल्यानं थेंब थेंब सोडायचा, डाग खाली उतरतो. पिवळं उतरत होतं, लाल उतरत होतं आणि मला काय आनंद होत होता! प्रत्येक पान झालं की मी उजेडात धरून बघायची. फाटलेल्या कडांना जपानी कागद, गव्हाच्या सत्त्वाची खळ. शेवटी तो कोपरा. डागाळलेले ब्लॉटिंग पेपर मी गठ्ठा करून रद्दीच्या निळ्या डब्यात टाकले. ते जरी पानांच्या क्रमानं ठेवले असते! पण तेव्हा ती घाण होती.

तिसऱ्या शनिवारी माइस्टरिन काहीतरी विसरलेलं न्यायला आली आणि टेबलाशी थांबली. आधीचे फोटो काढलेस ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, घरचीच आहे, कुणाला दाखवायचेत? तिनं पोथीकडे एकदा बघितलं. "या," म्हणाली आणि गेली. तिच्या त्या 'या'मध्ये प्रश्न होता, हे मला ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं. कळलं आणि मी मोबाइल उघडून दुसरं काहीतरी बघायला लागले. दुसऱ्यांचा मळ आपला नाही म्हणून पुसायचा नाही, हे मला पटलं होतं. आईच्या पोथीवरचा मळ मात्र मला माझाच वाटला.

मधल्या काळात आईनं दोनदा विचारलं, कोपरा झाला का गं. मी म्हटलं, थांब, गंमत आहे. अजून तो शब्द आठवला की जिभेला चटका बसतो. गंमत!

पारायणाचा पहिला दिवस शनिवारी आला. पाट मांडला, चौरंग मांडला, अलार्मवर कापड बांधलं. आई आंघोळ करून, सोवळं नेसून बसली आणि मी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या बासनातून पोथी काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं वरच्या पानावरून तळवा फिरवला. मग पान नाकाशी नेलं.

"वास गेला गं हिचा," ती म्हणाली. आणि लगेच, माझ्या तोंडाकडे बघून, "छान केलंस हो. नवी कोरी वाटतेय."

मी खूश होऊन स्वयंपाकघरात गेले. तिचा आवाज ऐकू येत होता. ओव्या तिला पाठच आहेत, अडायचा प्रश्न नाही. लहानपणापासून तो सूर माझ्या कानात आहे, एका लयीत, मध्ये घंटा, परत सूर. त्या दिवशी घंटा वाजली नाही. सूर पुढे पुढे गेला, मग हळू झाला, मग थांबला. परत सुरू झाला, परत थांबला. मला वाटलं, घसा कोरडा पडला असेल, म्हणून मी पाणी तापायला ठेवलं.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती हॉलमध्ये सोफ्यावर आजीला बघत बसली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, आई, आजी लाल शोधतेय.

मी म्हटलं, काय?

ती म्हणाली, आल्झो, म्हणजे असं, आजीनं मला आल्या आल्या दाखवलं होतं ना. तिला अक्षरं दिसत नाहीत. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. लाल गोळा दिसतो. तो आला की थांबायचं. आता ती पान डोळ्याशी नेऊन सगळीकडे शोधतेय.

गॅसवरचं पाणी उकळत राहिलं. मला आईनं सांगितलं होतं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता छान दिसतं. डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाल्याचं तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण मी काळजी करेन आणि प्रवास करू देणार नाही. नातीला सांगितलं होतं. जर्मनमध्ये उत्तर देणाऱ्या नातीला, खुणा दाखवून, हातात हात घेऊन. दीड महिना आम्ही एका घरात होतो आणि मी एकदाही तिच्या शेजारी बसून ती पोथी तिच्याबरोबर उघडली नव्हती. ट्रेनमधून येताना-जाताना माझ्या डोक्यात फक्त डाग होते.

मी हॉलमध्ये गेले. आईनं पोथी मिटून वरची फळी ठेवली होती आणि आज एवढंच, असं म्हणाली. मी तिच्या पुढ्यात बसले. देवघरातली कुंकवाची कुयरी माझ्या हातात होती. मी म्हटलं, आई, चुकलं माझं. मला कळलंच नाही. तू नुसतं सांग कुठं कुठं होत्या, मी परत लावते. आत्ता लावते.

तिनं माझ्या हातातली कुयरी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, त्या मी कुठं लावल्या होत्या? तुझ्या आजीनं लावल्या होत्या. मी नुसती थांबायची."

छापील पोथीत कुठं थांबायचं ते लिहिलेलं असतंच. पण आमच्या घरची रीत वेगळी होती, आजीच्या माहेरून आलेली. कुठल्या दिवशी कुठल्या ओवीपर्यंत, कुठं घंटा, कुठं नैवेद्य, कुठं उठून नमस्कार. आजीनं ते कुणाला लिहून दिलं नाही, कुंकू लावून ठेवलं. आईनं दरवर्षी त्याच ठिपक्यावर पुन्हा बोट टेकवलं, डोळे जायला लागले तसं जरा जास्त. रुपयाएवढे गोळे असे झाले होते. पाठ होत्या त्या ओव्या. थांबायचं पाठ नव्हतं, कारण पाठ करायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती परत बसली. अंदाजानं थांबली, मग मान हलवली, मागे गेली, परत पुढे. तिसऱ्या दिवशी आंघोळ झाली तरी पाटाकडे आली नाही. मी म्हटलं, मी वाचते, तू ऐक, छापलंय तसं थांबू. ती म्हणाली, ते तुझं वाचन होईल गं, माझं नाही. रागावली नव्हती. रागावली असती तर मी पायावर डोकं ठेवून रडले तरी असते. मोडलं ते मोडलं, म्हणाली आणि नातीला लसूण सोलायला मदत करायला गेली, कारण आता लसूण चालणार होता.

जानेवारीच्या शेवटी ती परत गेली. पोथी नेली नाही. तुझ्याकडेच ठेव, तुला नीट ठेवता येते, असं म्हणाली. यात टोमणा नव्हता, आईला टोमणे जमत नाहीत. म्हणून तर जास्त लागलं.

फेब्रुवारीत एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माइस्टरिनला सगळं सांगितलं. तिनं डबा बाजूला सारला, पडदे ओढले आणि अतिनील दिवा काढला. पुसलेली शाई कधी कधी त्या दिव्याखाली दिसते, आणि कुंकवातली हळद तर चमकतेच. खुणा दिसल्या तर मी पेन्सिलीनं कडेला टिंबं देणार होते, मग कुंकू लावणार होते, मग तिकीट काढून स्वतः साताऱ्याला जाणार होते. पहिलं पान दिव्याखाली धरलं.

पान चमकलं. पूर्णच्या पूर्ण, या कडेपासून त्या कडेपर्यंत, फिकं, सारखं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. सगळं खाली ब्लॉटिंग पेपरवर उतरलं असं मला वाटत होतं, पण अल्कोहोलनं बरंच पानभर पसरवून टाकलं होतं. आजीचं बोट, आईचं बोट सगळं त्या पानात होतं, फक्त कुठंच नव्हतं. आम्ही शेवटच्या पानापर्यंत बघितलं. माइस्टरिननं दिवा बंद केला, पडदे उघडले आणि माझ्यापुढे एक कोरा फॉर्म ठेवला. मी तो भरला. वापराच्या खुणा या रकान्यात लिहिलं: होत्या. त्याखालच्या, नुकसान कशामुळे, या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि सही केली. त्या पाद्र्याच्या मेणाच्या थेंबाचा फॉर्म त्याच फाइलमध्ये आहे, चार मिलिमीटर.

संध्याकाळी आईला फोन केला. दिव्याचं सांगितलं, काही सापडलं नाही म्हणून सांगितलं.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "वहीवर डाग पडला की अख्खं पान परत लिहायला लावायची ना मी तुला? हाताला सवय मीच लावली."

मी नाही नाही म्हणत राहिले. तिनं नातीची परीक्षा कधी आहे ते विचारलं, तिकडे बर्फ अजून आहे का ते विचारलं. फोन ठेवता ठेवता तिला आठवलं.

"आणि तो कोपरा? चिकटला ना नीट?"

"चिकटलाय, आई," मी म्हटलं.